भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला का ढकलते?



ऊसतोडीचे दिवस आले की आपल्या कार्यक्रमाकडे एक प्रश्न ठरल्यासारखा येतो. या खेपेला एका श्रोत्यानं पत्रात तो असा मांडला आहे: ट्रॅक्टरचे ब्रेक नवे टाकले होते, पाय दाबताच मागची चाकं जागच्या जागी थांबली, तरी ट्रॅक्टर उतारावरून खाली सरकतच गेला. मिस्त्री म्हणतो ब्रेक चांगले आहेत. मग दोष कुणाचा?

मिस्त्री खरं बोलतो. ब्रेकनं आपलं काम केलं. ब्रेकचं काम चाक थांबवणं एवढंच. चाक थांबल्यावर गाडी थांबवायची ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणानं. ते कमी पडलं. किती कमी पडलं, हे आधीच काढता येतं, आणि त्यासाठी भागाकार-गुणाकारापलीकडे काही लागत नाही. तुमच्या घरात अकरावी शास्त्र शाखेत मूल असेल तर त्याच्या पुस्तकात तिरक्या पाटावर ठेवलेल्या ठोकळ्याचं चित्र आहे. पोरं ते गणित परीक्षेपुरतं करतात. त्या ठोकळ्याच्या जागी आपली ट्रॉली ठेवा, म्हणजे ते आपल्या कामाचं होईल.

उताराचा आकडा

प्रथम उतार मोजू. दहा फूट लांबीचा सरळ वासा घ्या. त्याचं एक टोक चढाच्या बाजूला रस्त्यावर टेकवा, दुसरं टोक उताराच्या बाजूला हवेत धरा. वाशावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवा. पाणी दोन्हीकडे सारखं झालं की वासा समपातळीत आला. आता हवेतलं टोक रस्त्यापासून किती उंच आहे ते मोजा. एक फूट भरलं तर उतार 'दहात एक', अर्धा फूट भरलं तर 'विसात एक'.

दहात एक म्हणजे गाडी दहा फूट पुढे गेली की एक फूट वर उचलली जाते. दहा टनांची गाडी एक फूट वर उचलायची जी मेहनत, ती इथं दहा फुटांवर पसरली. म्हणून ओढायला जोर लागतो दहाव्या हिश्श्याचा, एक टनाचा. तीच गाडी त्या उतारावर उभी केली तर ती खाली जायला बघते तीही एक टनाच्या जोरानं. वजन गुणिले उताराचा आकडा, झाला उतारावरचा ओढा. (पुस्तकात इथं कोनाची 'साइन' घेतात आणि आपण 'टॅन' मोजला. रस्त्याच्या चढांना त्यात फरक एक टक्क्याच्या आत पडतो. तेवढ्यानं आपलं काही अडत नाही.)

बाकीचं वजन जमिनीला दाबून असतं. दहात एक उताराला ते जवळजवळ पुरतं वजनच असतं. उतार फार उभा असेल, तरच हा भार लक्षात येईल इतका कमी होतो.

घर्षणाचा आकडा

दुसरा आकडा घर्षणाचा. पुस्तकात त्याला घर्षणांक म्हणतात. दोन वस्तू एकमेकींवर जितक्या भारानं दाबलेल्या आहेत, त्याच्या किती हिश्श्याइतकं घर्षण मिळेल, हे तो सांगतो. आकडा ०.६ असेल, तर शंभर किलो भाराखाली जास्तीत जास्त साठ किलोचं घर्षण मिळेल. साठाच्या वर जोर लागला की वस्तू घसरली.

हा आकडा घरी काढता येतो. चार फुटांच्या आसपासची फळी घ्या, एका टोकाला वीट ठेवा आणि ते टोक हळूहळू उचला. वीट सरकायला लागली की तिथंच थांबा. उचललेल्या टोकाची उंची मोजा आणि फळीचं जमिनीवरचं अंतर मोजा. उंची २४ इंच आणि जमिनीवरचं अंतर ४० इंच आलं, तर २४ भागिले ४० म्हणजे ०.६. हा त्या विटेचा त्या फळीवरचा आकडा.

आता त्याच विटेवर दुसरी वीट ठेवून पुन्हा करून बघा. वजन दुप्पट, तेव्हा लवकर घसरेल असं वाटतं. तसं होत नाही. त्याच उंचीला घसरते. खाली ओढणारा जोर दुप्पट झाला, तसं दाबणारा भारही दुप्पट झाला, दोघांची फिटंफाट. वीट पालथी ठेवा की कडेवर उभी ठेवा, उंची तीच राहते. फ्रान्समधल्या आमोंतों नावाच्या माणसानं हे १६९९ साली मांडलं, आणि १७८१ साली कुलोम नावाच्या इंजिनिअरनं पुष्कळ प्रयोग करून ते पक्कं केलं. आपल्या खळ्यावर मात्र हे रोजचंच आहे. ज्वारीची रास लहान असो की मोठी, तिची कड एका ठरावीक उताराच्या वर चढत नाही. आणखी पाटी ओतली की दाणे घरंगळून रास पसरते. दाण्यावर दाण्याचं घर्षण जेवढं, तेवढाच राशीचा उतार.

इथं कुणी म्हणेल, मग चिखलात रुंद टायर का लागतो? प्रश्न रास्त आहे. वरचा नियम टणक पृष्ठभागाचा. मऊ रानात चाक रुतून बसतं, आणि रुंद टायर कमी रुततो म्हणून बरा पडतो. ते गणित निराळं, त्याची गाठ इथं घालू नका.

रस्त्यावरच्या रबरी टायरचा आकडा कोरड्या डांबरावर ठोकळमानानं ०.७ धरावा. पण शेतातून निघालेल्या टायरांची माती रस्त्यावर पडलेली असते. पहाटेचं दव किंवा अवकाळीची सर त्यावर पडली की तोच आकडा ०.३ वर येतो, कधी त्याहूनही खाली.

आता ट्रॉलीचा हिशेब

समजा ट्रॅक्टर दोन टनांचा. चारचाकी ट्रॉली उसासकट आठ टनांची. मिळून दहा टन. उतार दहात एक. खाली ओढणारा जोर झाला १००० किलो.

आता थांबवणारं काय काय आहे ते बघू. सर्वसाधारण ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ट्रॅक्टरच्या दोन टनांपैकी मागच्या चाकांवर साधारण १३०० किलो येतं. कोरड्या डांबरावर १३०० गुणिले ०.७, म्हणजे ९१० किलो घर्षण. शिवाय सगळी चाकं फिरताना थोडा अडसर करतात. डांबरावर तो वजनाच्या शेकडा दोन धरू, म्हणजे २०० किलो. एकूण झाले १११०. ओढा हजाराचा आणि अडवणूक १११० ची. थांबेल, पण जमा फक्त ११० किलो.

या ११० किलोत काय होतं ते बघा. ताशी २० किलोमीटर वेग असेल तर दहा टनांची ही वरात थांबायला सुमारे १४० मीटर लागतात. तेही कोरड्या रस्त्यावर, नव्या ब्रेकवर, पाय पूर्ण दाबून. वेग निम्मा, ताशी १० किलोमीटर ठेवला, तर अंतर निम्मं होत नाही, पाव होतं. ३५-३६ मीटरांत गाडी थांबते. उताराच्या माथ्यावर वेग कमी करा म्हणून जे सांगतात, त्याच्या पोटात हा चौपटीचा हिशेब आहे.

आता तोच उतार ओल्या मातीचा करा. १३०० गुणिले ०.३, म्हणजे ३९०. त्यात २०० मिळवले की ५९०. समोर ओढा १००० चा. ४१० किलोची तूट. चाकं थांबली तरी ट्रॅक्टर सरकणार, आणि सरकताना वेग वाढत जाणार. आमच्या श्रोत्याचं हेच झालं. ब्रेक आणखी घट्ट करून घेतले असते, तरी एका किलोचाही फरक पडला नसता.

आपण तर हिशेब उदार हातानं केला. उतारावर ब्रेक दाबला की ट्रॅक्टरचं वजन पुढच्या चाकांकडे सरकतं, म्हणजे मागचे १३०० आणखी कमी होतात. चढावर याच्या उलट होतं. वजन मागं येतं, मागची चाकं रस्ता धरतात आणि पुढची हलकी होतात. त्यामुळं जी ट्रॉली चढावर ट्रॅक्टरनं कशीबशी का होईना वर नेली, तीच परतीच्या उतारावर आवरेल, असा भरवसा धरू नका. चढण्याची परीक्षा पास झाली म्हणजे उतरण्याची झाली असं नाही.

मग माल कमी भरला तर? ट्रॉली आठाऐवजी चार टनांची केली. एकूण सहा टन, ओढा ६०० किलो. अडवणूक ३९० अधिक १२०, म्हणजे ५१०. ओल्या मातीवर तरीही तूटच. उलट दोन भरलेल्या ट्रॉल्या एकामागं एक लावल्या, तर एकूण १८ टन होतात आणि ओढा १८०० किलोचा. कोरड्या डांबरावरही ९१० अधिक ३६०, म्हणजे १२७० च्या वर काही मिळत नाही. दहात एक उतारावर दोन ट्रॉल्या घेऊन जाणारा चालक कितीही तरबेज असला, तरी हिशेब त्याच्या विरुद्ध आहे.

काही जुने चालक सांगतात की ट्रॉली भरलेली असली की गाडी दबून चालते, रस्ता धरून राहते. अर्धं खरं आहे. वजन घर्षण वाढवतं, पण ज्या चाकाला ब्रेक आहे त्याच्यावर ते वजन असेल तरच. ट्रॉलीची चाकं मोकळी फिरणारी असली, तर त्यांच्यावरचं वजन थांबवायला जवळजवळ उपयोगी नाही, ढकलायला मात्र सगळंच्या सगळं उपयोगी. आता ट्रॉलीच्या एका आसाच्या दोन चाकांना ब्रेक बसवले असं धरा. त्या आसावर चार टन आहेत. ओल्या मातीवरही ४००० गुणिले ०.३, म्हणजे १२०० किलो मिळाले. ट्रॅक्टरचे ३९० मिळवले की १५९०. ओढा तोच १००० चा. जी गाडी ४१० च्या तुटीत होती, ती जवळपास ६०० नं जमेत आली. नवी ट्रॉली बांधून घेताना फाळके, रंग, नाव घालणं यावर आपण मन लावून खर्च करतो. त्याआधी ब्रेकचा विषय काढा.

उतारावर करायचं काय

ब्रेकचे दोन पाय रस्त्यावर निघण्यापूर्वी खटक्यानं एकमेकांना जोडा. शेतात वळताना ते सोडलेले असतात आणि तसेच राहून जातात. उतारावर एकाच चाकाला ब्रेक लागला, तर आपल्या १३०० किलोंतले निम्मे वाया गेले, आणि ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जाऊन ट्रॉली त्याला आडवा करते.

ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये तो उतरा, आणि गिअर माथ्यावरच टाका. मध्यावर गिअर बदलायला क्लच दाबला की तेवढा वेळ इंजिनचा आवर सुटतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं ही तर सगळ्यात महाग बचत. मात्र इंजिनचा आवरही शेवटी त्याच मागच्या दोन चाकांतून रस्त्यापर्यंत पोचतो, हे ध्यानात असू द्या. रस्ता निसरडा असेल तर तोही ३९० च्या वर जात नाही.

चाकं अडकून ट्रॅक्टर सरकू लागला, तर पाय दाबून धरून बसू नका. घसरणाऱ्या टायरचं घर्षण फिरणाऱ्या टायरपेक्षा कमी असतं. ब्रेक जरा सैल करा, चाक फिरू द्या, पुन्हा दाबा. ट्रॅक्टर सरळ ठेवणं हे त्या घडीला वेगापेक्षा महत्त्वाचं. ओल्या मातीचा उतार ५९० च्या हिशेबात बसवायचा, तर दहा टनांना सतरात एक याच्या वरचा नको. आपल्या वाटेवरचा उतार दहा फुटी वाशानं एकदा मोजून ठेवा. त्याहून उभा असेल, तर पाऊस पडलेल्या दिवशी ती वाट सोडा, नाहीतर रस्ता सुकेपर्यंत थांबा. कारखान्यावर नंबर मागं जाईल, जाऊ द्या.

ट्रॉली उतारावर सोडून ठेवायची वेळ आली तर तिचा ओढा ८०० किलो, त्यातून चाकांचा अडसर १६० वजा केला तरी ६४० किलो उरतात. हाताला लागेल तो गोल धोंडा हे तोलत नाही, चाकाबरोबर घरंगळतो. लाकडाची पाचर करून ट्रॉलीतच ठेवावी आणि उताराकडच्या बाजूनं दोन्ही चाकांना लावावी.

बैलांचं काय

टायरगाडीला हाच हिशेब लागू. बैलजोडीचं वजन ८०० किलो धरलं, तर दिवसभराच्या कामाला तिचा जोर साधारण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ८० किलो. गाडी उसासकट दोन टनांची असेल तर सपाट डांबरावर तिला ४० किलोच पुरतात, म्हणून बैल रमतगमत चालतात. विसात एक चढ लागला की लागतात १४०. दहात एक चढाला २४०, म्हणजे नेहमीच्या तिप्पट. हे जनावर करतं, पण थोडं अंतरच. शिवाय त्याला स्वतःचं अंगही वर न्यायचं असतं, त्याचे आणखी ८०. खुरांनी रस्त्याला एकूण ३२० किलोंचा रेटा द्यायचा आणि खुरांवरचा भार ८००. भागाकार केला की ०.४ येतो. पत्री आणि डांबर यांच्यात तेवढं घर्षण नसेल, तर बैल ताकदीला कमी पडण्याआधीच पाय घसरून गुडघ्यावर येतो. अशा वेळी चाबूक उगारून घर्षण वाढत नाही. पुढं दुसरी जोडी जोडा, नाहीतर निम्मा ऊस खाली उतरवून दोन खेपा करा. रस्त्यावर कोरडी वाळू टाकली तरी पायाला धर मिळतो.

मोट असे त्या काळात विहिरीवर बैलांची धाव उतरती का ठेवत, तेही यातून उमगेल. आठात एक उताराच्या धावेवर ८०० किलोंची जोडी खाली चालली की तिच्या अंगच्या वजनातूनच १०० किलोचा ओढा फुकट मिळे. भरलेली मोट वर येताना हा उतार तिसऱ्या बैलासारखा राबायचा.

फळीवरून माल चढवताना

घरच्या घरी रोज लागणारी उतरण म्हणजे ट्रॉलीला टेकवलेली फळी. तीन फूट उंचीवर शंभर किलोची पेटी चढवायची आहे आणि पेटीचा फळीवरचा घर्षणाचा आकडा ०.४ आहे, असं धरू. बारा फुटी फळी घेतली तर चढाचे २५ किलो आणि घर्षणाचे ३९, एकूण ६४ किलोचा जोर. सहा फुटी फळीला ५० आणि ३५, म्हणजे ८५. चार फुटी फळीला ७५ आणि २६, म्हणजे १०१. पेटी सरळ उचलली असती तर १०० लागले असते! आखूड फळी लावून आपण घाम गाळतो आणि ती मदत करते असं समजतो. लांब फळीवर एकूण मेहनत वाढते हे खरं, कारण अंतर चौपट आहे, पण एका वेळचा जोर कमी लागतो, आणि कंबर धरते ती एका वेळच्या जोरानं.

(अकरावीच्या मुलासाठी: किलोत आलेल्या जोराला ९.८ नं गुणलं की न्यूटन होतात. परीक्षेत न्यूटनच लिहायचे.)

डिझेलचं २०० लिटरचं भरलेलं पिंप मात्र फळीवर ओढू नका, लोळवा. दोन दोर ट्रॉलीच्या तळाच्या कड्यांना बांधा, फळीवरून खाली सोडा, पिंपाखालून घेऊन वरून परत ट्रॉलीत आणा, आणि ट्रॉलीत उभ्या असलेल्या दोघांनी ते सारखे ओढावे. पिंपाचं वजन साधारण १८५ किलो. बारा फुटी फळीवर चौथा हिस्सा म्हणजे ४६, आणि दोर पिंपाभोवती फिरल्यामुळं त्याचा निम्मा, २३ किलो. माणशी बारा किलोही येत नाहीत. चढवत असताना फळीच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहू नये, पोरांना तर तिकडं फिरकूच देऊ नये.